आकडा शिबिराचा नको, चष्मा डोळ्यांवर हवा

जयंती जवळ आली की आरोग्य शिबिरांचे फलक लागतात. १४ एप्रिल असो, ६ डिसेंबर असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, ‘ज्येष्ठांसाठी मोफत नेत्रतपासणी’ ही ओळ फलकावर हमखास असते. शिबिर होते, रांग लागते, संध्याकाळी व्यासपीठावरून आकडा जाहीर होतो की आज इतक्या ज्येष्ठांचे डोळे तपासले. दुसऱ्या दिवशी मांडव उतरतो. तपासलेल्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांवर महिन्याभरात चष्मा आला, किती जणांचा मोतीबिंदू निघाला, हा आकडा मात्र सहसा जाहीर होत नाही, कारण तो कोणी ठेवलेलाच नसतो.

शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. स्वतःच्या खिशातले पैसे घालून, रजा टाकून ही मुले राबतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. म्हाताऱ्या माणसाची नजर तपासणे हे वर्षातून एकदा करायचे उत्सवाचे काम नाही, ते रोजच्या दवाखान्याचे काम आहे. आणि ती तपासणी पुरी झाली असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा त्या माणसाला पुन्हा दिसू लागेल.

एकाच पेठेतल्या दोन नजरा

उदाहरण म्हणून पुण्याची नारायण पेठ घेऊ. ही अक्षरांची पेठ. ‘केसरी’चा वाडा इथला. छापखाने, बाइंडर, पुस्तकांची दुकाने या पेठेत आणि आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर बुधवार पेठेत भिडे वाडा होता. तिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली आणि ज्यांना अक्षर नाकारले होते त्यांच्यासाठी दार उघडले.

नारायण पेठ आपल्या समाजाची वस्ती म्हणून ओळखली जात नाही. पण कामासाठी आपली माणसे तिथे रोज जातात. दांडेकर पूल, जनता वसाहत अशा वस्त्यांतून येणाऱ्या बाया घरोघरी धुणी-भांडी, स्वयंपाक, झाडू-फरशी करतात. कोणी शिलाईच्या दुकानात काज-बटण करते, कोणी बाइंडिंगमध्ये पाने जुळवते, कोणी रस्ता झाडते. यातल्या कितीतरी जणी पन्नाशी-साठीच्या पुढे गेलेल्या आहेत. निवृत्ती नावाची गोष्ट त्यांच्या वाट्याला आलेली नाही.

ज्या घरात त्या तांदूळ निवडतात, त्या घरातल्या आजोबांचा फॅमिली डॉक्टर ठरलेला असतो, चष्म्याचा दुकानदार ठरलेला असतो. नंबर वाढला की नवी काच बसते. निवडणाऱ्या बाईचे वय तेवढेच, डोळेही तसेच माणसाचे. पण तांदळात खडा राहिला तर तिला ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात. तिचे लक्ष असते. तिला दिसत नसते. आणि दिसत नाही हे ती बोलून दाखवत नाही, कारण काम जाईल अशी भीती असते.

याचा अर्थ वाड्यात राहणारे सगळे सुखी आहेत असा नाही. मुले परदेशी, जिना लाकडी आणि अंधारा, वरच्या मजल्यावर एकटी आजी. तिलाही मोतीबिंदू असतो आणि तिलाही दवाखान्यात नेणारे कोणी नसते. मैत्री आणि करुणा पेठ बघून करायची नसते. म्हणून आम्ही जी मागणी करतो आहोत ती दोघींसाठी आहे.

आकडे काय सांगतात

२०१५ ते २०१९ या काळात देशात राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षण झाले. पन्नाशी ओलांडलेल्यांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के निघाले, म्हणजे दर पन्नास माणसांमागे एक. या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व एकट्या मोतीबिंदूमुळे होते. दर तीन आंधळ्या माणसांतली दोन माणसे अशी, की शस्त्रक्रिया झाली असती तर त्यांना बहुधा दिसले असते. टाळता येण्याजोगे अंधत्व नव्वद टक्क्यांहून जास्त निघाले. आणि निरक्षरांमध्ये अंधत्वाचे प्रमाण शिकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. मोतीबिंदू जात विचारून होत नाही, हे खरे. पण तो कोणाचा निघतो आणि कोणाचा राहतो, हे गरिबी, शिक्षण आणि ओळखीपाळखी ठरवतात.

देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ सालचा, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांचा. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा जो मोठा प्रकल्प राबवला गेला, त्यातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. तेव्हापासून तंबूतल्या शस्त्रक्रिया मागे पडल्या आणि डोळ्यात भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया रुग्णालयात होऊ लागली. ही मोठी प्रगती आहे. शस्त्रक्रिया रुग्णालयात गेली, तपासणी मात्र अजून मांडवातच अडकली आहे.

आंधळेपण तर दूरची गोष्ट. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, त्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी लागली’ म्हणतात. साधा जवळच्या नंबरचा चष्मा त्यावर पुरतो. तो नसला तर काय होते? आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या सुमारे साडेसातशे मजुरांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक बायाच होत्या. निम्म्यांना लगेच मोफत चष्मा दिला, उरलेल्यांना नंतर. लगेच चष्मा मिळालेल्यांच्या पानतोडणीत दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढ दिसली. बांगलादेशात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात चष्मा मिळालेल्यांची कमाई सुमारे एकतृतीयांशाने जास्त निघाली. काज-बटण करणाऱ्या, पाने जुळवणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

नुसत्या तपासणीने का भागत नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या शिबिरांच्या मुळाशी जाते. ब्रिटनमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या चार हजारांहून जास्त लोकांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली आले. एका गटातल्या सगळ्यांची नजर दवाखान्यात तपासली, दुसऱ्या गटात ज्यांच्या तब्येतीच्या इतर तक्रारी जास्त होत्या त्यांचीच तपासली. तीन ते पाच वर्षांनी पाहिले तर दोन्ही गटांच्या नजरेत काही फरक नव्हता. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०२२ साली म्हटले की तक्रार नसलेल्या ज्येष्ठांची दवाखान्यात सरसकट नजर तपासावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही.

मग कोणी म्हणेल, तपासणीचा आग्रह कशाला? आम्ही या निष्कर्षाकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. त्या चाचणीत नजर अधू आढळलेल्यांपैकी पुष्कळ जण चष्म्यापर्यंत किंवा शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेच नाहीत. दोष सापडला, कागदावर लिहिला गेला आणि तिथेच थांबला. शिवाय त्या देशांत डोळे तपासून घेण्याची सोय लोकांना एरवीही असते. आपल्याकडे पहिली पायरीच नाही, आणि जिथे ती आहे तिथे दुसरी नाही. तेव्हा तपासणी व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. अर्धवट सोडलेली तपासणी व्यर्थ आहे, असा आहे.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची सेवा केली तो प्रसंग आपण विहारात नेहमी ऐकतो. अतिसाराने घाणीत पडलेल्या त्या भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी नुसती विचारपूस केली नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले, आणि मग संघाला एकत्र बोलावून विचारले की याची सेवा का झाली नाही. शेवटपर्यंत जाणे हा त्या प्रसंगाचा गाभा आहे. ‘आजी, तुम्हाला मोतीबिंदू आहे, दवाखान्यात दाखवा’ असे म्हणून चिठ्ठी हातात देणे म्हणजे निम्म्यातून परत फिरणे आहे.

दवाखान्यात काय व्हायला हवे

सरकारने हे काम आपले म्हणून आधीच मान्य केले आहे. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या सेवांत डोळ्यांचे नेहमीचे आजार आणि वृद्धांची काळजी या दोन्हींचा समावेश आहे. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो तक्ता भरतात, त्यात अंधुक दिसते का, वाचायला त्रास होतो का, डोळे आठवड्यापेक्षा जास्त दुखतात किंवा लाल राहतात का, हे प्रश्न छापलेले आहेत. म्हणजे प्रश्न विचारायची सोय झाली. पण बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना आपली नजर कमी झाली आहे हे कळतच नाही. एक डोळा गेला तरी दुसरा काम भागवतो. ‘वयोमानाने होणारच’ असे म्हणून माणूस गप्प बसतो. म्हणून नुसते विचारून चालत नाही, मोजावे लागते.

मोजायला मोठे यंत्र लागत नाही. सहा मीटरची दोरी, भिंतीवर तक्ता आणि पुरेसा उजेड. अक्षर न येणाऱ्यांसाठी ज्याच्या काड्या वर-खाली, डावी-उजवीकडे वळलेल्या असतात तो ‘ई’चा तक्ता असतो. काड्या कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे. ‘मला वाचता येत नाही’ म्हणून कोणाला परत पाठवण्याचे कारणच उरत नाही. एकेक डोळा झाकून दोन्ही वेगवेगळे तपासायचे. मग काळ्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून पाहायला लावायचे. भोकातून जास्त स्पष्ट दिसले तर बहुधा चष्म्याने भागेल, नाही दिसले तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचे. शेवटी सव्वा फुटावर कागद धरून जवळची नजर. सगळे मिळून पाच-सात मिनिटे. रक्तदाब आणि साखर तपासायला आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाचे हे तिथल्या तिथे होऊ शकते. शिकलेली परिचारिका किंवा आशाताई ते करू शकते.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. काचबिंदूत नजर कडेने जाते, समोरचे अक्षर शेवटपर्यंत दिसत राहते. तक्त्यावर सगळे वाचणाऱ्या माणसाला काचबिंदू असू शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो तेव्हाही सुरुवातीला काही कळत नाही. म्हणून ज्यांना साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा बुबुळ मोठे करण्याचे औषध घालून किंवा फोटो काढून पडदा तपासून घ्यावाच. ज्यांच्या घरात कोणाला काचबिंदू आहे त्यांनीही डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावे. रस्त्यावरचा शे-दोनशे रुपयांचा चष्मा जवळच्या कामाला तात्पुरता चालतो, पण त्या चष्म्याने दिसायला लागले म्हणून डोळा निरोगी आहे असे समजू नये.

मधुमेह आणि नजर यांचा संबंध आपल्या समाजाला तरी विसरता येणार नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही अधू होत गेली. त्याच शरीराने आणि त्याच डोळ्यांनी त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. तो ग्रंथ आज आपल्या वयस्क उपासिकांना चष्म्यावाचून वाचता येत नसेल, तर ती उणीव भरून काढणे आपल्या हातात आहे.

गैरसमज आणि सोयी

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हे अजून घरोघरी ऐकू येते. आता त्याची गरज नाही. रोजचे काम अडायला लागले की शस्त्रक्रिया करता येते, आणि फार पिकवल्याने उलट गुंतागुंत वाढते. ‘पावसाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन करू नये’ हेही जुने झाले, रुग्णालयात ती वर्षभर होतात. थेंब टाकून मोतीबिंदू विरघळत नाही, त्या जाहिरातींना फसू नये. ‘आता कशाला, गेले दिवस’ असे म्हणणाऱ्या आईला मात्र हे जरूर सांगा : ब्रिटनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर झाल्यावर पडण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले होते. म्हातारपणी पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे आणि कायमचे अंथरूण धरणे. फक्त नवा चष्मा लागल्यावर पहिले काही आठवडे जिन्यावर सांभाळावे, कारण पायरीचा अंदाज बदललेला असतो. वाड्यांच्या लाकडी जिन्यांवर तर कठडा धरूनच उतरावे.

पुण्यात सोयी नाहीत असे नाही. ससून रुग्णालयात नेत्रविभाग आहे आणि सरकारी रुग्णालयांत राष्ट्रीय कार्यक्रमातून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. डेक्कनवरून मेट्रोने पुणे रेल्वे स्थानक गाठले की ससून जवळच आहे. पुणे अंधजन मंडळाचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय हडपसरजवळ महंमदवाडीला आहे. चष्म्यासाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात जमा होतात. पण ५५ वर्षांच्या मोलकरणीला ही योजना लागू नाही. तिची नजर मात्र ६५ ची वाट पाहत थांबत नाही. जवळच्या कामावर पोट असणाऱ्यांसाठी ही वयाची अट खाली आणली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

महानगरपालिकेकडे तीन गोष्टी मागायच्या आहेत. पहिली, प्रत्येक दवाखान्यात पन्नाशीपुढच्या माणसाच्या केसपेपरवर रक्तदाबाच्या शेजारी नजरेचाही रकाना असावा. दुसरी, जवळच्या नंबरचे चष्मे गोळ्यांसारखे दवाखान्यातच मिळावेत. तिसरी, पुढे पाठवलेला रुग्ण तिथे पोहोचला का आणि त्याचे काय झाले, हे लिहिणारी वही असावी आणि तिचा आकडा दर महिन्याला जाहीर व्हावा. दवाखान्याची वेळही बघितली पाहिजे. सकाळी सहा घरची कामे करणारी बाई दुपारी मोकळी होते, तोवर खिडकी बंद झालेली असते. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी तिच्यासाठी ठेवा.

चार पौर्णिमांचे काम

मागणी करून बसून राहणे ही आपली परंपरा नाही. वर्षावासाचे तीन महिने विहारांत ग्रंथवाचन चालते. वयस्क उपासक-उपासिका तेव्हाच सर्वांत जास्त संख्येने एकत्र येतात. हाच काळ हाती घेऊ.

आषाढ पौर्णिमेला विहारात तक्ता लावून नजर मोजावी आणि नाव, वय, दोन्ही डोळ्यांची नजर वहीत लिहावी. श्रावण पौर्णिमेपर्यंत ज्यांना चष्मा लागतो त्यांच्या डोळ्यांवर तो आलेला असावा. भाद्रपद पौर्णिमेपर्यंत मोतीबिंदूच्या प्रत्येक माणसाला रुग्णालयात दाखवून झालेले असावे. त्यासाठी दर पाच ज्येष्ठांमागे एक तरुण नेमावा. तो सोबत जाईल, रांगेत उभा राहील, कागद सांभाळेल, शस्त्रक्रियेनंतर थेंब घालायची आठवण करेल. रोजंदारी बुडते म्हणून जी बाई ऑपरेशन पुढे ढकलते, तिच्या त्या आठवड्याच्या मजुरीची सोय विहाराच्या दानातून करावी. दानाचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी माहीत नाही. आणि अश्विन पौर्णिमेला, वर्षावासाची सांगता होते तेव्हा, ती वही सर्वांसमोर वाचावी. किती तपासले हे शेवटी सांगावे. आधी सांगावे, किती जणांना आता दिसते आणि कोण राहिले. राहिलेल्यांच्या नावापुढे कारण लिहावे आणि ती नावे पुढच्या महिन्याच्या कामात घ्यावीत.

नारायण पेठेच्या आसपासच्या वस्त्यांतल्या विहारांनी हे यंदा करून पाहावे. वहीचे नमुना-पान कोणीही हाताने आखू शकतो : नाव, वय, उजवा डोळा, डावा डोळा, काय हवे, कधी मिळाले. सहा रकाने. शेवटचा रकाना भरल्याशिवाय ओळ पूर्ण झाली असे समजू नये.

जय भीम!